सोमवारची धडधड

डायलिसिस केंद्रात पाऊल टाकल्यावर आधी वजनकाटा लागतो. शुक्रवारी यंत्रावरून उतरताना 58 किलो भरलेला माणूस सोमवारी सकाळी काट्यावर चढतो, तेव्हा आकडा साडेएकसष्टवर गेलेला असतो. तीन दिवसांत कोणी साडेतीन किलोंनी जाड होत नाही. ते सगळं पाणी असतं: चहा, ताक, आमटी, भातात मुरलेलं पाणी, गोळ्यांबरोबर घेतलेले घोट. लघवीची वाट बंद झाल्यामुळे ते आत साठून राहिलेलं असतं. टेक्निशियन त्यातून ‘ड्राय वेट’, म्हणजे जादा पाण्याशिवायचं वजन, वजा करतो आणि म्हणतो, “काका, आज साडेतीन लिटर आहे हं.” पाण्याचा हिशेब असा काट्यावर तरी दिसतो. त्याच तीन दिवसांत रक्तात चढलेलं पोटॅशियम काट्यावर दिसत नाही. आणि हृदयाचे ठोके बिघडवायला या दोघांपैकी कोणीही एक पुरेसा असतो.

किडन्या गेलेल्या माणसाचा जीव बहुतेकदा किडनीमुळे जात नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या मृत्यूंमध्ये साधारण चौथा हिस्सा अचानक हृदय बंद पडून होणाऱ्या मृत्यूंचा असतो. हे मृत्यू आठवड्यात सारखे पसरलेले नसतात, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातले अँथनी ब्लायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली दाखवलं. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्या रुग्णांमध्ये सोमवारी आणि मंगळवार-गुरुवार-शनिवारवाल्यांमध्ये मंगळवारी मृत्यूंची संख्या उसळते. म्हणजे दोष वाराचा नाही, त्याआधी दोन डायलिसिसमध्ये पडलेल्या मोठ्या खंडाचा आहे. 2006 साली त्यांनीच आणखी बारकाईने पाहिलं. मोठ्या खंडाचे शेवटचे बारा तास सर्वांत धोक्याचे निघाले. तिथे अचानक मृत्यूचं प्रमाण अपेक्षेच्या तिप्पट होतं. डायलिसिस सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या बारा तासांतही ते वाढलेलं होतं. 2011 साली 32 हजारांहून अधिक अमेरिकी रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मोठ्या खंडानंतरच्या दिवशी दर शंभर रुग्ण-वर्षांमागे 22.1 मृत्यू, इतर दिवशी 18.0.

आठवड्यातून तीनदा हा आकडा काही कुठल्या मोठ्या प्रयोगातून सिद्ध होऊन आलेला नाही. 1960 साली सिअ‍ॅटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी नळी बसवून दीर्घकालीन डायलिसिस सुरू केलं, तेव्हा उपचारांमधलं अंतर कितीतरी जास्त होतं. रुग्णांना त्रास होऊ लागला तसं ते कमी करत करत आठवड्यातून तीन वेळांवर येऊन थांबलं. सात दिवसांत तीन सिटिंग बसवली आणि रविवारी केंद्र बंद ठेवलं की एक खंड मोठा पडणारच. स्क्रिबनर यांचा पहिला रुग्ण बोईंग कंपनीतला यंत्रकामगार होता. तो पुढे अकरा वर्षं जगला आणि 1971 साली गेला तो हृदयविकाराच्या झटक्याने.

म्हणून अशा रुग्णाच्या छातीत धडधडतं म्हटल्यावर ‘कुठली गोळी?’ हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असतो, शेवटचं डायलिसिस कधी झालं?

शरीरातल्या एकूण पोटॅशियमपैकी सुमारे 98 टक्के पेशींच्या आत असतं आणि जेमतेम 2 टक्के बाहेर. हृदयाच्या पेशीतली वीज या आतबाहेरच्या फरकावर चालते, त्यामुळे बाहेरचं थोडंसं जरी वाढलं तरी गणित बिघडतं. रक्तातली नेहमीची पातळी लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंट. साडेसहा-सातकडे जाऊ लागली की ईसीजीच्या पट्टीवर खुणा उमटू लागतात. प्रत्येक ठोक्यानंतर येणारी टी-लहर एरवी बसकी, गोलसर असते. ती उंच आणि टोकदार होते, जणू कोणी कागदावर राहुट्या ठोकत चाललं आहे. मग ठोक्याआधीची लहानशी पी-लहर सपाट होत होत नाहीशी होते. मधला उभा सुळका रुंदावत जातो. शेवटी सुळका आणि टी-लहर एकमेकांत मिसळून नुसती नागमोडी रेघ उरते, आणि त्यानंतर हृदय थांबतं. ही पायरी-पायरीने चालणारी गोष्ट पुस्तकात छान दिसते. प्रत्यक्षात पातळी सातवर असूनही पट्टी जवळपास साधी दिसणारे रुग्ण असतात, आणि मधल्या पायऱ्या गाळून थेट ठोके मंदावणारेही असतात. म्हणून पट्टी चांगली आली तरी रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर निर्धास्त होत नाहीत.

यावरचा तातडीचा उपचार स्वस्त आणि जुना आहे. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं की दोन-तीन मिनिटांत हृदयाला आधार मिळतो. त्याने पोटॅशियम कणभरही कमी होत नाही, फक्त वेळ मिळतो. ग्लुकोजबरोबर इन्सुलिन दिलं की पोटॅशियम काही तासांपुरतं पेशींच्या आत ढकललं जातं. दम्याच्या रुग्णांना वाफेतून देतात ते साल्ब्युटामॉलही हेच काम करतं. शरीरातून बाहेर काढायचं मात्र यंत्रानेच.

पोटॅशियम येतं कुठून, तर स्वयंपाकघरातून. केळं, शहाळं, टोमॅटोचं सार, पालक, सुका मेवा ही नावं आहारतज्ज्ञांच्या कागदावर असतात आणि घरच्यांना पाठही असतात. पण आषाढी एकादशीचं ताट कागदावर नसतं. बटाटा, रताळं, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, खजूर: उपवासाच्या या ताटात असा एकही पदार्थ नाही ज्यात पोटॅशियम बेताचं आहे. भगर त्यातल्या त्यात बरी, पण ती शेंगदाण्याच्या आमटीशिवाय घशाखाली उतरत नाही. दुसरा छुपा रस्ता दुकानात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठाचा. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा. सून प्रेमाने महागडं मीठ आणते. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. तिसरी गोष्ट बद्धकोष्ठाची. किडन्या बंद पडल्यावर पोटॅशियम बाहेर टाकायचं थोडं काम मोठं आतडं अंगावर घेतं, त्यामुळे चार दिवस पोट साफ झालं नाही तर रक्तातली पातळी चढू शकते. बटाट्याच्या किंवा सुरणाच्या फोडी बारीक करून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणं हा साधा उपाय अजूनही उपयोगी आहे, फक्त रश्शाचा मोह टाळायला हवा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम वाढवतात. त्या बंदच करायच्या असं नाही, पण आकड्यावर नजर ठेवावी लागते.

इतकं ऐकल्यावर वाटेल की यंत्राने पोटॅशियम जितकं जास्त आणि जितक्या झपाट्याने काढावं तितकं चांगलं. तिथेच खरी गोम आहे.

यंत्रातल्या गाळणीच्या एका बाजूने रक्त वाहतं आणि दुसऱ्या बाजूने डायलिसिसचं द्रावण. द्रावणातही पोटॅशियम असतं, सहसा लिटरमागे 2. रक्तातलं 6 आणि द्रावणातलं 1 असेल तर ओढ जबरदस्त लागते आणि पहिल्या तासा-दोन तासांतच रक्तातली पातळी कोसळते. पेशींच्या आतलं पोटॅशियम इतक्या वेगाने बाहेर येत नाही, त्यामुळे आतबाहेरचं प्रमाण विचित्र होतं आणि हृदयाची वीज अडखळते. 2011 साली अमेरिकेतल्या केंद्रांमध्ये अचानक हृदय बंद पडलेल्या रुग्णांची इतरांशी तुलना झाली, तेव्हा 2 पेक्षा कमी पोटॅशियमचं द्रावण वापरलेल्यांमध्ये हा प्रकार अधिक आढळला. द्रावणातलं कॅल्शियम फार कमी ठेवलं तरी असाच धोका असतो. म्हणून ठोके वारंवार बिघडणाऱ्या रुग्णाची पहिली ‘औषधाची चिठ्ठी’ पुष्कळदा द्रावणाचीच असते: 1 चं 2 करा, गरज पडली तर 3 करा, आणि त्या बदल्यात जेवणातलं आवरा.

पाण्याचंही तसंच. किलोमागे तासाला 13 मिलिलिटरहून जास्त वेगाने पाणी काढलं तर हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसतं. हा हिशेब आपल्या सोमवारच्या काकांना लावून पाहू. 58 किलोंचे 13 च्या दराने तासाला साधारण 750 मिलिलिटर होतात. काढायचे साडेतीन लिटर. चार तासांत काढायचे तर तासाला 875, म्हणजे मर्यादेच्या वर. मर्यादेत राहायचं तर चार तास चाळीस मिनिटं लागतील. पण दुसऱ्या पाळीचे रुग्ण बाहेर बाकावर बसलेले असतात, गावाकडची एसटी साडेबाराची असते, आणि काका स्वतःच तीन तास झाल्यावर म्हणू लागतात, “सिस्टर, आज जरा लवकर सोडा.” ब्रिटनमध्ये डर्बी इथे ख्रिस्तोफर मॅकिंटायर यांच्या गटाने डायलिसिस चालू असतानाच हृदयाची सोनोग्राफी करून पाहिली. पाणी वेगाने निघत असताना हृदयाच्या भिंतीचे काही भाग तात्पुरते सुस्त पडतात, कारण त्यांना पुरेसं रक्त मिळत नाही. एकदा झालं तर भरून निघतं. आठवड्यात तीनदा, वर्षानुवर्षं होत राहिलं तर तिथे व्रण धरतो, आणि व्रण पडलेल्या हृदयात ठोक्यांना आडवाटा फुटतात.

आता प्रश्न असा की या रुग्णांमध्ये हृदय नेमकं कसं थांबतं? बरीच वर्षं समज असा होता की खालचे कप्पे बेफाम वेगाने थरथरू लागतात आणि माणूस कोसळतो. हृदयविकाराच्या इतर रुग्णांमध्ये बहुधा तसंच होतं, आणि त्यासाठी छातीत बसवायचा शॉक देणारा डबा, म्हणजे आयसीडी, उपलब्ध आहे. मग डायलिसिसच्या सगळ्याच रुग्णांना तो का बसवू नये? नेदरलँड्समध्ये लायडनच्या डॉक्टरांनी हा प्रश्न प्रत्यक्ष प्रयोगाला लावला. हृदयाची ताकद बऱ्यापैकी शाबूत असलेल्या 188 डायलिसिस रुग्णांपैकी निम्म्यांना डबा बसवला, निम्म्यांना नाही. फायदा दिसण्याची शक्यता नाही असं लक्षात आल्यावर प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. 2019 साली आलेल्या निष्कर्षात पाच वर्षांतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण डबा असलेल्यांत 9.7 टक्के आणि नसलेल्यांत 7.9 टक्के होतं.

हे असं का, याचा धागा एका वेगळ्याच अभ्यासात मिळतो, आणि त्यात भारतातले रुग्णही होते. अमेरिका आणि भारतातल्या 66 डायलिसिस रुग्णांच्या छातीच्या कातडीखाली ठोके नोंदवणारी छोटी पट्टी बसवून सहा महिने लक्ष ठेवलं गेलं. 2018 साली निकाल आले. 44 जणांमध्ये गंभीर म्हणावेत असे 1678 प्रसंग नोंदले गेले. त्यातले 1461 ठोके फार मंदावण्याचे होते, 14 हृदय काही काळ पूर्ण थांबण्याचे. खालच्या कप्प्यांची टिकून राहिलेली वेगवान धाव फक्त एक. प्रसंगांची दाटी पुन्हा ओळखीच्या जागी होती: मोठ्या खंडाचे शेवटचे बारा तास आणि आठवड्यातलं पहिलं डायलिसिस. शॉक देणारं यंत्र वेगाने धावणाऱ्या हृदयाला थोपवतं. पोटॅशियमने गारठलेल्या हृदयाला त्याचा शॉक काय कामाचा? 66 ही संख्या लहान आहे, आणि छातीला पट्ट्याने बांधायच्या शॉक-यंत्रांच्या नोंदींमध्ये बेफाम वेगाचे प्रसंगच जास्त दिसले होते हेही खरं. पण ते पट्टे बांधले जातात मुळातच दुबळ्या हृदयाच्या रुग्णांना. माझ्या मते सर्वसाधारण डायलिसिस रुग्णाचं चित्र लायडनच्या प्रयोगाने आणि या 66 जणांनी अधिक खरं दाखवलं आहे.

मंद ठोक्यांचा एक प्रकार आपल्याकडच्या डॉक्टरांनाही चांगला परिचयाचा आहे. रुग्ण रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉलसारखी ठोके मंदावणारी गोळी घेत असतो. जुलाब झाले, डायलिसिस चुकलं, पोटॅशियम किंचित वर गेलं. एकटं पोटॅशियमही सोसलं असतं आणि एकटी गोळीही. दोन्ही मिळून ठोके तीस-पस्तिसावर येतात आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी पेसमेकरची धावाधाव सुरू होते. पण आधी कॅल्शियम, इन्सुलिन-ग्लुकोज आणि डायलिसिस दिलं की पुष्कळांचे ठोके आपोआप जागेवर येतात आणि पेसमेकरची गरजच उरत नाही.

दुसऱ्या टोकाला आहे एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एएफ’. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला तीनशे-चारशे वेळा नुसते थरथरतात आणि नाडी पूर्ण बेताल होते. त्याच 66 जणांपैकी 41 टक्क्यांमध्ये एएफ कधी ना कधी सापडला. दर दोन दिवसांनी फुगणारे आणि चार तासांत रिकामे होणारे कप्पे, वाढलेल्या रक्तदाबाने जाड झालेल्या भिंती, झडपांवर साचलेलं कॅल्शियम, असं सगळं असताना तो न झाला तरच नवल. डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीचं टोक उजव्या वरच्या कप्प्यात टेकत असेल तर तेही ठोक्यांना डिवचतं. पुष्कळदा एएफ यंत्रावर असतानाच सुरू होतो आणि काही तासांनी स्वतःच थांबतो. यंत्रावर रक्तदाब घसरला असेल तर आधी पाणी काढणं थांबवतात. रुग्ण फारच खालावला तर विजेचा सौम्य झटका देऊन ताल पूर्ववत करतात.

ठोक्यांचा वेग आवरायच्या औषधांत या रुग्णांसाठी बरेच सापळे आहेत. डिगॉक्सिनचंच घ्या. विल्यम विदरिंग यांनी 1785 साली इंग्लंडमध्ये फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासूनचं हे घराणं. आपल्या अंगणातल्या बिट्टीतही याच जातीची विषारी द्रव्यं असतात. निरोगी माणसाच्या शरीरातून डिगॉक्सिनची निम्मी मात्रा दीड दिवसात जाते; किडन्या बंद असतील तर चार-पाच दिवस लागतात. डायलिसिसने ते निघत नाही, कारण ते रक्तात थोडं आणि स्नायूंत जास्त असतं. त्यात डायलिसिसनंतर पोटॅशियम खाली गेलं की त्याचा विषारी परिणाम वाढतो. 2010 साली अमेरिकेत एक लाख 20 हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदींत डिगॉक्सिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 28 टक्क्यांनी जास्त आढळला. नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही हे मान्य. तरी घरी जुनी डिगॉक्सिनची पाकिटं चालू असतील तर किडनीच्या डॉक्टरांना ती दाखवावीतच. सोटॅलॉल तर जवळपास पूर्ण किडनीवाटे जातं, म्हणून इथे ते टाळतात.

ठोके मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांची गंमत वेगळी. मेटोप्रोलॉल आणि अ‍ॅटेनोलॉल डायलिसिसमध्ये बऱ्यापैकी धुऊन जातात, कार्व्हेडिलॉल जात नाही. मग कार्व्हेडिलॉलच बरं, असं कोणालाही वाटेल. पण 2018 साली अमेरिकेतल्या नोंदींतून उलटंच चित्र आलं: कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांचा रक्तदाब यंत्रावर जास्त वेळा घसरला आणि वर्षभरातले मृत्यूही जास्त होते. गोळी कुठली, यापेक्षा ती कधी घ्यायची हे रोजच्या व्यवहारात अधिक महत्त्वाचं ठरतं. सकाळच्या पाळीचा रुग्ण घरून गोळी घेऊन आला, तर एक तर ती धुऊन जाते किंवा दोन तासांनी रक्तदाब पाडते. अमिओडॅरोन किडनीवर अवलंबून नाही म्हणून सोयीचं, पण थायरॉइड आणि फुप्फुसं यांची तपासणी दर काही महिन्यांनी हवी, कारण ते शरीरात महिनोन् महिने मुरून राहतं.

सर्वांत मोठा वाद रक्त पातळ करण्याच्या गोळीचा. एएफमध्ये वरच्या डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या भागात रक्त साकळतं आणि गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून इतर रुग्णांना ही गोळी जवळपास ठरलेलीच. डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट आधीच नीट चिकटत नाहीत, यंत्रावर प्रत्येक वेळी रक्त गोठू न देणारं हेपॅरिन मिळतं, आणि फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडून केलेल्या जागेत, आठवड्याला सहा जाड सुया टोचल्या जातात. वर आणखी रक्त पातळ करायचं? रक्त पातळ करणारं वॉर्फरिन हे औषध मुळात उंदीर मारण्यासाठी 1948 साली बाजारात आलं आणि 1954 साली अमेरिकेत माणसांसाठी मंजूर झालं. कॅनडात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एएफ असलेल्या डायलिसिस रुग्णांना वॉर्फरिनने पक्षाघातापासून संरक्षण दिल्याचं दिसलं नाही. रक्तस्राव मात्र 44 टक्क्यांनी जास्त होता. शिवाय वॉर्फरिन व्हिटॅमिन के अडवतं, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचू न देणारं एक प्रथिन त्याच व्हिटॅमिनवर चालतं. काही थोड्या रुग्णांत त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या कॅल्शियमने बुजून अतिशय वेदनादायक काळ्या जखमा होतात. कॅल्सिफिलॅक्सिस म्हणतात त्याला. तो झालेले अर्ध्याहून अधिक रुग्ण वर्षभरात दगावतात.

नव्या गोळ्यांत डॅबिगॅट्रान सुमारे 80 टक्के किडनीवाटे जातं, म्हणून बाद. अ‍ॅपिक्साबान फक्त 27 टक्के जातं, म्हणून सगळ्यांची भिस्त तिच्यावर. पण ज्या मोठ्या प्रयोगाने तिचं नाव झालं, त्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली हे दाखवणारा रक्तातला आकडा, अडीचच्या वर असलेल्यांना घेतलंच नव्हतं. हृदयाच्या औषधांच्या कितीतरी प्रयोगांत असंच झालेलं आहे: ज्यांना सर्वांत जास्त धोका, तेच दाराबाहेर. डायलिसिस रुग्णांवर खास प्रयोग झाले ते अगदी छोटे. अमेरिकेतला 154 जणांवर आटोपावा लागला, जर्मनीतला 97 जणांचा. अ‍ॅपिक्साबान आणि जुन्या गोळ्या यांच्यात ठोस फरक कुठेच दिसला नाही, आणि दोन्हीकडे रक्तस्राव भरपूर होता. अमेरिकेत डायलिसिस रुग्णांना ही गोळी लिहिता येते. युरोपात तिची शिफारस नाही. 2023 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांतही ‘देणं योग्य ठरू शकेल’ इतकीच सावध भाषा आहे. मात्रेचाही घोळ आहे. डायलिसिसवर अडीच मिलिग्रॅम दोनदा दिलं तरी रक्तातली पातळी जवळपास निरोगी माणसाच्या पाच मिलिग्रॅमइतकी जाते, असं दिसलं आहे. आपल्याकडे साठ किलोंच्या आतले रुग्ण पुष्कळ असल्याने इथले बरेच डॉक्टर अडीचवरच थांबतात, आणि ते मला सयुक्तिक वाटतं. गोळी झेपतच नसेल तर मांडीतल्या शिरेतून जाऊन हृदयातल्या त्या पिशवीचं तोंड छत्रीसारख्या साधनाने बंद करता येतं. खर्च मात्र सामान्य घराच्या आवाक्यातला नाही.

पेसमेकर लागलाच तर एक गोष्ट घरच्यांनी स्वतः विचारावी: कुठल्या बाजूला? फिस्टुला असलेल्या हाताच्या बाजूने तारा घातल्या तर मोठी शीर आकसते, हात सुजतो आणि फिस्टुला हातचा जातो. तारा नेहमी दुसऱ्या बाजूने. 2016 साली अमेरिकेत मंजूर झालेला बिनतारी पेसमेकर मांडीतून थेट हृदयात बसतो. शिरा वाचवायच्या असलेल्या या रुग्णांना तो खरा उपयोगी.

आता आपल्या इथल्या वेळापत्रकाकडे वळू. वर दिलेले बहुतेक आकडे आठवड्यातून तीन सिटिंगचे आहेत. महाराष्ट्रात आणि देशभर असंख्य रुग्ण दोनच सिटिंग घेतात, सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार. अमेरिकी अभ्यासात धोक्याचा ठरलेला मोठा खंड शुक्रवार ते सोमवार असा तीन दिवसांचा. आपल्या सोमवार-गुरुवारवाल्याचा छोटा खंडच तेवढा असतो, आणि मोठा त्याहून एक दिवस जास्त. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं आणि 2016 पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांत चालतो, त्यामुळे सिटिंगचे पैसे हा पूर्वीइतका मोठा अडसर राहिलेला नाही. अडतं ते तालुक्याहून जाण्या-येण्यावर, सोबत येणाऱ्या मुलाच्या बुडणाऱ्या मजुरीवर आणि यंत्रांच्या संख्येवर.

दोन सिटिंग काहींना खरोखर पुरतात. ज्यांची लघवी अजून बऱ्यापैकी होते त्यांचं पाणी आणि पोटॅशियम रोज थोडं थोडं निघत राहतं. पण ती लघवी चोवीस तास कॅनमध्ये साठवून मोजायला हवी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायला हवी, कारण डायलिसिस सुरू झाल्यावर ती घटत जाते. बहुतेकांच्या फाइलमध्ये ती एकदाच मोजलेली असते, सुरुवातीला. वर्षभराने लघवी पेलाभर उरते आणि वेळापत्रक तेच राहतं. अशा रुग्णाची चौथ्या दिवशी पहाटे धडधड वाढत असेल, पाय जड पडत असतील, तर गोळी बदलण्याआधी तिसऱ्या सिटिंगचं बोलायला हवं.

आणि ज्याला खंडच नको त्याच्यासाठी पोटाचं डायलिसिस आहे. पोटात बसवलेल्या नळीतून रोज घरीच द्रावण भरायचं आणि काढायचं. साठायला तीन दिवस मिळतच नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत केंद्रात डायलिसिस घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू सोमवारी वाढलेले दिसले. पोटाच्या डायलिसिसवर असणाऱ्यांमध्ये सगळे वार सारखे होते. त्यासाठी स्वच्छ खोली लागते, हात धुण्याची शिस्त लागते, दर महिन्याला द्रावणाच्या पिशव्यांची खोकी घरी यावी लागतात, आणि जंतुसंसर्गाची भीती कायम असते. 2019 साली राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची मार्गदर्शक तत्त्वंही आली. तरीही केंद्रात पहिल्यांदा आलेल्या रुग्णाला सहसा थेट फिस्टुलाच्या ऑपरेशनची तारीख मिळते. पोटाच्या डायलिसिसचं नाव नातेवाइकांनी काढलं तरच निघतं.